मला नाताळ हवाय, ह्यांना नकोय

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही शाहूपुरीत राहतो, सासर-माहेर दोन्हीकडं ख्रिस्ती. मला नाताळ लई आवडतो, डिसेंबर लागला की कधी एकदा स्टार लावतेय असं होतं. पण आमच्या ह्यांना हा महिनाच नको असतो. घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारे कॅरलवाले येणार म्हटलं की लाईट बंद करून झोपूया म्हणतात, पाहुणे आले की गाडी काढून रंकाळ्यावर जातात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी 19 डिसेंबरला गेल्या, पण हौस त्याआधीही नव्हतीच. सासरे म्हणतात ह्याचा विश्वास कमी पडतोय. मुलगी सहावीत आहे, ती विचारते पप्पांना बाळ येशू आवडत नाही का. यंदा सगळं गुंडाळूनच ठेवू का?

उत्तर : नाही ताई, गुंडाळू नका, तुमची हौस खरी आहे आणि लेकीला ती दिसायला हवी.

आधी सासऱ्यांचं. वयानं मोठे आहेत, त्यांचा मान ठेवूनच सांगते, हे विश्वासावर घालू नका. बायबलमध्ये प्रभूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली आले आणि मिशनचं काम सुरू झालं, पुढं ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन ह्या प्रोटेस्टंट पंथाच्या बोर्डाकडं गेलं. ह्या प्रेस्बिटेरियन लोकांचं मूळ स्कॉटलंडात, आणि तिथं कित्येक पिढ्या नाताळ पाळतच नव्हते, 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती 1958 साली! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1659 ते 1681 नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ती सगळी देवभिरू माणसंच होती की.

आता तुमचे हे. माझे बाबा असेच होते म्हणून पोटतिडकीनं लिहितेय. त्यांना गर्दी, आवाज, उगाच हसून बोलणं सोसायचं नाही आणि आम्ही पोरं हट्टानं ओढायचो, मग ते आणखी गप्प व्हायचे. आईनं ओढणं सोडलं. करंज्या करायला बसलो की ती एक पाट त्यांच्याकडं सरकवायची आणि कातणं हातात द्यायची, बास. बाबा मान खाली घालून एकेक करंजी इतक्या निगुतीनं कातायचे की सारण कधी तेलात सुटलं नाही, कडेचं उरलेलं पीठ गोळा करून परत आमच्याकडं द्यायचे. बोलायचे नाहीत. पण उठूनही जायचे नाहीत.

तर ह्यांना 'तुम्हाला नाताळ का आवडत नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. नेमकं काय नको ते विचारा, रात्रीची ढोलकी, खर्च, पाहुणे की आईशिवायचं घर? एकेकाची वाट वेगळी निघते. पाहुण्यांना 25 ला चर्च सुटल्यापासून दुपारपर्यंतच बोलवा, संध्याकाळ घरच्यांची ठेवा. आणि 19 तारीख सणात बुडवू नका, त्या दिवशी स्टार-बिर काही नको, तिघं मिळून कबरीवर फुलं ठेवून या, सासूबाईंच्या हातचं जे ह्यांना आवडायचं ते करा, त्यांच्याबद्दल बोला. मला वाटतं हे तीन वर्षं राहून गेलंय.

लेकीला खरं सांगा, पप्पांना आजीची आठवण येते आणि गर्दी नको वाटते, येशूबाळावर राग नाही. सहावीतल्या पोरीला कळतं हो.

एक मात्र बघा, जानेवारी उलटला तरी झोप नाही, जेवण नाही, कामात मन नाही असं दिसलं तर डॉक्टरला दाखवा, किंवा टेलिमानस ह्या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि कॅरलवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा की आमच्याकडं मध्यरात्री नको, नऊच्या आत पहिलं घर आमचं घ्या, चहा ठेवते. एकदा त्यांचा रूट ठरला की मग बदलत नाहीत.