साठच्या दशकातली जुनी स्कूटर घेताना तिची खरी किंमत कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की साठच्या दशकातली एक व्हेस्पा बघून ठेवली आहे, मालक ‘फुल रिस्टोअर केलेली, एका किकमध्ये चालू’ असं सांगतोय, आणि त्याने सांगितलेली किंमत रास्त आहे का ते कळत नाहीये. त्यातलं ‘एका किकमध्ये चालू’ तूर्त बाजूला ठेवा. टू-स्ट्रोक इंजिनात भागच मोजके. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, ऑईल सील, सगळं बदलता येतं. जुन्या स्कूटरची किंमत असते ती नंबरात, पत्र्यात आणि सहजासहजी न मिळणाऱ्या बारीकसारीक वस्तूंत.

सुरुवात नंबरापासून करा. व्हेस्पाच्या चेसिस नंबराच्या आधीची अक्षरं मॉडेल सांगतात. उदाहरणार्थ, १९६० मध्ये आलेल्या चार गिअरच्या १५० सीसी गाडीच्या चेसिसवर ‘व्हीबीबी१टी’ असतं आणि इंजिनवर ‘व्हीबीबी१एम’. टी चेसिसचा, एम मोटरचा. म्हणजे ही अक्षरं एका जोडीतली हवीत. पुढचे आकडे मात्र वेगळे असले तर घाबरू नका, व्हेस्पाचे ते कारखान्यातूनच बहुधा वेगळे यायचे. ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे इंजिन आणि चेसिसचे आकडे एकच, म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही. कागदावरचा चेसिस नंबर मात्र पत्र्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे. नंबराभोवतीचा पत्रा घासल्यासारखा खोलगट दिसला, अक्षरं वरखाली पंच झालेली असली किंवा आसपास वेल्डिंगची रेघ दिसली, तर घासाघीस करत बसू नका, सरळ निघा.

अक्षरं बघायला लावतोय त्याला आणखी एक कारण आहे. व्हेस्पाची जीएस, किंवा तिची त्या काळची स्पर्धक लॅम्ब्रेटा, तिची टीव्ही १७५ किंवा एसएक्स २००, या मॉडेलांना साध्या १२५-१५० पेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, म्हणून साध्या गाडीला बाजूची कव्हरं आणि नावाच्या पट्ट्या लावून ती महागडी म्हणून खपवली जाते. टीव्ही १७५ ला १९६२ पासून पुढे डिस्क ब्रेक यायचा. तो काय, नंतरही बसवता येतो. तसंच व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा दोन्ही परवान्यावर स्पेन आणि भारतातही बनत होत्या. त्या घ्यायला काहीच हरकत नाही, मी तर रोज चालवायला आनंदाने घेईन, पण इटलीत बनलेल्या गाडीचा भाव त्यांना देऊ नये.

आता पत्रा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लॅम्ब्रेटाला आत नळीची चौकट असते आणि पत्रा वरून बोल्टाने बसवलेला असतो. व्हेस्पाला वेगळी चौकटच नाही, पत्रा हीच चौकट. त्यामुळे व्हेस्पाचा सडलेला फ्लोअर हा दिसण्याचा नाही, मजबुतीचा प्रश्न आहे. वरचा चकचकीत रंग बघू नका. गाडी डाव्या कुशीवर अलगद आडवी करायला सांगा (इंजिन उजवीकडे असतं, टाकीत पेट्रोल कमी असलेलं बरं) आणि टॉर्च घेऊन खालून बघा. फ्लोअरच्या मधून जाणारा उंचवटा खालून पेटीसारखा बंद असतो, त्यात पाणी साचून गंज आतून खात येतो. स्पॉट वेल्डिंगचे सारख्या अंतरावरचे गोल ठिपके दिसले तर फ्लोअर मूळचा आहे, किंवा निदान नीट बदललेला आहे. खालून जाडजूड काळा थर फासलेला असेल तर तिथे काहीतरी झाकलंय असं समजूनच भाव करा. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवलेला असला, तर पुढेमागे दोन्ही कापून काढावे लागणार.

वरच्या अंगाला फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा. ते एका जागी घट्ट धरतं आणि वीतभर पुढे घसरून पडतं, तर मध्ये पुट्टी आहे. बोटाच्या पेराने ठोका, पत्रा वाजतो, पुट्टी नुसती थप् करते. थोडीफार पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत निघते, त्यावरून मालकाला चोर ठरवू नका. पण लेग शील्डच्या (पायांपुढच्या उभ्या पत्र्याच्या) मागे, हँडलच्या नळीखाली पत्र्याला सुरकुती असेल तर गाडी समोरून आदळलेली आहे. मग चार पावलं मागे जाऊन दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते पाहा.

एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. कारखान्याचाच फिका, ओरखडे पडलेला रंग अंगावर असलेली गाडी घाईघाईत रंगवलेल्या गाडीपेक्षा मोलाची असते. तो रंग पुन्हा आणता येत नाही, आणि त्याच्याखाली काही लपवताही येत नाही.

मग नसलेल्या वस्तूंची यादी करा. मूळ स्पीडोमीटर, हेडलाइटची रिंग, मागचा दिवा, नावाची पट्टी, सीट, स्टिअरिंग लॉक. मोडलेली वस्तू दुरुस्त होते, पण हरवलेली शोधताना वर्ष जातं आणि शेवटी नक्कल लावावी लागते.

इंजिन शेवटी. तुम्ही पोहोचण्याआधी गरम करून ठेवू नका असं बजावून ठेवा आणि गेल्यावर इंजिनावर हात ठेवून ते थंड आहे ना बघा. टू-स्ट्रोक थोडा धूर टाकणारच. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गिअरचं ऑईल कमी होत असेल, तर क्लचकडचं सील गेलंय. आयडलिंग स्थिर राहत नसेल, रेस आपोआप चढत असेल, तर मॅग्नेटकडच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूच्या) सीलमधून हवा ओढत असण्याची शक्यता मोठी. वेग घेताना गिअर सुटत असेल तर आतला क्रॉस (गिअर अडकवणारा चौफुलीसारखा भाग) झिजलाय. या सगळ्यासाठी इंजिन उघडावं लागतं, पण भाग मिळतात. महाग पडते ती एकच गोष्ट. या काळातल्या बहुतेक मोठ्या व्हेस्पात पेट्रोल-हवेची वाट फिरती क्रँकच (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) उघडते आणि बंद करते, आणि त्यासाठी केसिंगचा (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचा) एक गुळगुळीत भाग क्रँकला अगदी लगटून असतो. त्यावर खोल ओरखडे पडले तर केसिंगचंच काम निघतं. मालक कार्बोरेटर काढू देत असेल तर खालच्या तोंडातून टॉर्चने हा भाग दिसतो. चोखंदळ मेकॅनिक सोबत न्यायचा तो यासाठी.

एवढं झाल्यावर आकडा असा काढा: त्याच मॉडेलची खरोखर चांगली गाडी प्रत्यक्षात कितीला विकली गेली (जाहिरातीत कितीला मागितली ते नव्हे), त्यातून पत्र्याचं काम, नसलेल्या वस्तू आणि इंजिनाचा खर्च वजा करा. पत्र्याच्या खर्चाचा अंदाज जरा सढळ हाताने धरा, कारण रंग खरवडल्यावर तो वाढतोच. ‘फुल रिस्टोअर’ केल्याचे जादा पैसे द्यायचे तर काम चालू असतानाचे, रंग काढलेल्या उघड्या पत्र्याचे फोटो मागा. खरंच काम केलेल्या माणसाच्या फोनमध्ये ते ढिगाने असतात. नसतील, तर रिस्टोअर हा शब्द वगळून, फक्त रंगवलेली गाडी म्हणून भाव सांगा.