चार वर्षांच्या मुलाला खेळातून पर्यावरण कसं शिकवायचं?

तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. शाळेने ‘इको-फ्रेंडली’ लाकडी खेळण्यांचा संच घ्यायला सांगितलाय आणि घरी आल्यावर तो ‘झाडे लावा, झाडे जगवा’ घोकतो. खेळातून शाश्वत जगणं शिकवायचं ते असंच का, आणि जगात इतरत्र काय करतात, असं तुम्ही विचारलंय. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं बालवाडी चालवली, त्या अनुभवावरून सांगते. संच नाही घेतलात तरी काही अडणार नाही. मुलाला रोज तासभर माती, पाणी आणि चार सुट्या वस्तू मिळतील एवढं मात्र बघा.

आमच्या बालवाडीला एकदा देणगी मिळाली तेव्हा मीही हौसेने चांगली पझल आणली होती. पहिला आठवडा झुंबड उडाली. मग दोन तुकडे हरवले आणि ती पझल कपाटावर गेली ती गेलीच. करवंट्यांची टोपली मात्र वर्षानुवर्षं टिकली. आज ती भातुकलीचं पातेलं, उद्या घोड्याच्या टापा, परवा डोक्यावरची टोपी. एखादी फुटली तर गावात नारळ फुटतोच आहे, दुसरी येते.

एका जूनमधली गोष्ट सांगते. कौलांवरून पागोळ्या पडत होत्या आणि अंगणात त्यांच्या खाली रांगेने खड्डे पडले होते. एका मुलीने एका खड्ड्यात करवंटी ठेवली. मग सगळ्यांनी ठेवल्या. करवंट्या भरल्या तशी पाणी ओतायचं कुठे यावरून वादावादी झाली आणि अखेर अळवाच्या वाफ्यात ओतायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी मला हाताला धरून घेऊन गेली आणि म्हणाली, “बाई, इथली माती वाहून जाते, गवत आहे तिथली नाही जात.” मी फक्त ‘हो का? बघू’ एवढंच म्हणाले. मग मुलांनी नारळाच्या शेंड्या आणून उघड्या मातीवर दाबून बसवल्या. हे मी शिकवायला गेले असते तर तक्ता लावला असता, आणि तक्त्यावरची माती कुणाच्या हाताला लागली नसती.

हे काही माझं डोकं नव्हे. आपल्याकडे ही वाट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी घालून दिली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण त्यांनी वापरलेल्या माँटेसरी पद्धतीचं साहित्य महागडं, ते खेड्यातल्या मुलांना कुठून परवडणार? १९४५ साली ताराबाईंनी पालघरकडच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे बिया, शिंपले, खडे, पानं, माती हेच साहित्य झालं. मोजायचं ते बियांनी, रंग ओळखायचे ते पानाफुलांवर. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. त्या नावातलं अंगण कितीतरी ठिकाणी आज उरलेलं नाही, एका खोलीत सगळं चालतं, याचं मला फार वाईट वाटतं. पैसा कमी होता म्हणून कोसबाडला जे केलं गेलं, त्यालाच आज जग शाश्वत शिक्षण म्हणतं.

आता बाहेरचं. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ म्हटलं. मुलांची बाग हे नुसतं लाडाचं नाव नव्हतं, तिथे खरोखरच प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असायचा आणि भोवती सगळ्यांचे मिळून वाफे. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात एला फ्लाटाऊ या बाई मुलांना घेऊन रोज जंगलात जाऊ लागल्या, त्यातून जंगलातल्या बालवाड्या सुरू झाल्या. इटलीतल्या रेज्जो एमिलियात १९९६पासून ‘रेमिडा’ नावाचं केंद्र आहे. कारखान्यांतून उरलेले कागद, कापड, चामडं, नळ्या तिथे जमा होतात आणि शाळा ते घेऊन जातात.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते डेन्मार्कच्या कोपनहेगनमधलं एम्ड्रुप इथलं क्रीडांगण. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं होतं की आखीव बागेपेक्षा मुलं भंगारात आणि बांधकामाच्या जागी जास्त रमतात. १९४३ साली, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, तिथे भंगाराचं क्रीडांगण उघडलं. फळ्या, विटा, दोर द्यायचे आणि काय बांधायचं ते मुलांनी ठरवायचं. ती मुलं तुमच्या मुलाहून मोठी होती. पण सुट्या वस्तू मुलाच्या ताब्यात देण्याचा विश्वास तोच, आमच्या करवंट्यांच्या टोपलीतला.

आणखी एक, खास आजीआजोबांना दाखवायला. फिनलंडमध्ये डेकेअरच्या अंगणांत जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, आणि ३ ते ५ वर्षांची मुलं त्यात खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जीवाणूंमध्ये जास्त विविधता आली आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या नियमनाशी संबंधित बदल दिसले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात ७५ मुलं होती. मुलं थोडी आहेत, त्यामुळे त्याचा फार मोठा अर्थ काढू नये. पण ‘मातीत हात घालू नको’ म्हणणाऱ्यांना थोडं थांबायला लावण्याइतका तो नक्कीच आहे.

तिकडचं जसंच्या तसं मात्र उचलू नका. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे, पावसाळ्यात विंचूकाटा आहे, उंदीर फिरतात तिथल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. जागा आधी स्वतः बघून घ्या, पाणी टपात स्वच्छ भरा, खेळ झाला की साबणाने हातपाय धुवा. आणि चार वर्षांच्या मुलाला ‘पृथ्वी संपणार’ असलं काही सांगू नका. ज्या मुंगीशी त्याची अजून ओळखच झालेली नाही, ती वाचवायचं ओझं त्याच्यावर कशाला?

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत एक घमेलं माती, एक टप पाणी, करवंट्या, जुन्या ओढणीचे दोन तुकडे, चिंचोके आणि मातीची बोळकी पुरे. थोडी मेथी पेरू द्या. आठ दिवसांत तो रोज उठून आधी तिकडेच जाईल. शाळेतल्या बाईंशी भांडू नका, त्यांच्यावरही वरून दडपण असतं. संचाऐवजी वर्गासाठी अशी एक टोपली आम्ही पालक जमवून देतो, असं सुचवून बघा. मी स्वतः अशी सूचना आनंदाने घेतली असती.

बिया गोळा करताना एक पक्कं लक्षात ठेवा. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी असतात. त्या टोपलीत अजिबात नकोत. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोकेही उचलून ठेवा, घशात अडकतात. त्याच्यासाठी अख्खा नारळ ठेवा, लोटायला त्याला फार आवडेल.