वाचकांचे प्रश्न : एसटीपीचा ब्लोअर झोके का घेतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) दिवसाला २०० घनमीटर क्षमतेचा आहे. टाकीत हवा सोडणाऱ्या ७.५ एचपीच्या रूट्स ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि टाकीत ऑप्टिकल डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारा) बसवला. सेटपॉइंट, म्हणजे राखायची पातळी, लिटरला २ मिलिग्रॅम आहे. पण ब्लोअर दर वीस-पंचवीस मिनिटांनी २५ हर्ट्झवरून ५० वर जातो आणि पुन्हा खाली येतो. डीओ ०.५ ते ४ च्या दरम्यान हलत राहतो. वीजबिलही सांगितलं होतं तेवढं उतरलेलं नाही. मीटर बदलावा का? – सोसायटीचे सचिव, वाकड

उत्तर : इतक्यात नको. दोष बहुधा पॅनेलमधल्या पीआय सेटिंगचा, म्हणजे डीओतल्या फरकावरून ब्लोअरचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रणाचा आहे. हवा वाढवल्यावर डीओ हलायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि नव्या पातळीवर स्थिरावायला अर्धा-पाऊण तास. व्हीएफडीच्या कारखानी सेटिंगमध्ये इंटिग्रल टाइम (उरलेला फरक भरून काढायला वेग किती भराभर बदलायचा ते ठरवणारा वेळ) बऱ्याचदा काही सेकंदांचाच असतो. पाण्याच्या पंपाचा दाब सांभाळायला तो ठीक, इथे मात्र डीओ हलायच्या आतच ब्लोअर ५० वर जाऊन बसतो. डीओ वर येईपर्यंत हवा भलतीच जास्त झालेली असते, आणि उतरतानाही तेच.

दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, टाकीत येणारं पाणी साधारण एकसारखं असताना, एक चाचणी घ्या. ब्लोअर मॅन्युअलवर ४० हर्ट्झला ठेवा आणि डीओ स्थिर होऊ द्या. मग एकदम ४४ करा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. समजा, तीन मिनिटं काहीच हललं नाही, नंतर डीओ १.६ वरून २.४ ला पोचला, आणि त्या वाढीचा ६३ टक्के भाग हालचाल सुरू झाल्यापासून १२ मिनिटांत झाला. म्हणजे एका हर्ट्झला ०.२ मिलिग्रॅम. आता १२ ला (०.२ × (१२ + ३)) ने भागा : गेन ४, म्हणजे डीओच्या एका मिलिग्रॅमच्या फरकाला ४ हर्ट्झ. इंटिग्रल टाइम १२ मिनिटं. पॅनेल टक्क्यांत मागत असेल आणि मीटरची रेंज ०–१०, ड्राइव्हची ०–५० असेल, तर हाच गेन ०.८ होतो आणि वेळ ७२० सेकंद. डेरिव्हेटिव्ह (डीओ किती झपाट्याने बदलतोय त्यावर चालणारा भाग) शून्य ठेवा. बुडबुड्यांमुळे सिग्नल थरथरत असतो आणि डेरिव्हेटिव्ह ती थरथर वाढवतो.

तळाची मर्यादा २५ ऐवजी ३० हर्ट्झ करून बघा. फार हळू फिरणारा रूट्स ब्लोअर तापतो, कारण लोबच्या (हवा ढकलणाऱ्या फिरत्या पाकळ्यांच्या) फटींतून मागे गळणारी हवा तेवढीच राहते आणि पुढे जाणारी कमी होते. शिवाय टाकी ढवळली जायला तळाच्या दर चौरस मीटरला ताशी सुमारे २ घनमीटर हवा लागतेच. त्याखाली गाळ बसू लागतो.

बिलाबद्दल. ‘वेग कमी केला की वीज घनाच्या पटीत वाचते’ हा हिशेब पंख्यांचा आणि सेंट्रिफ्युगल पंपांचा आहे. रूट्स ब्लोअरला साडेचार मीटर पाण्याचा दाब प्रत्येक फेरीत ढकलावाच लागतो, त्यामुळे वीज साधारण वेगाच्याच प्रमाणात घटते. ५० वरून ३५ वर आलात तर तीस टक्के वाचेल, दोन-तृतीयांश नाही. ही गल्लत कोटेशनमध्ये फार सोयीची पडते. खरी बचत रात्रीची. पहाटे तीनला भार उतरलेला असताना ब्लोअर सकाळच्याच वेगाने चालला तर डीओ चारच्याही वर जातो, आणि तेवढाच प्राणवायू पाण्यात मिसळायला २ ऐवजी ४ डीओवर साधारण दीडपट हवा लागते.

मीटर बदलू नका, पण पुसा. प्रोबवर साचलेला बुळबुळीत थर स्वतःच प्राणवायू खातो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि ब्लोअर उगाच पळतो. दर आठवड्याला पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. फरक ०.३ च्या वर गेला तर आठवड्यातून दोनदा पुसा. हवेत कॅलिब्रेट करताना पुण्याची उंची विसरू नका : २५ अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात ८.२६ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, पुण्यात सुमारे ७.७. प्रोब डिफ्युझरच्या (तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या तोंडाच्या) थेट डोक्यावर टांगलेला नसावा. आणि मीटरचा ४–२० मिलिअँपिअरचा सिग्नल ३.६ मिलिअँपिअरखाली गेला की ड्राइव्हने ठरलेल्या ४० हर्ट्झवर जावं, अशी सोय करून घ्या; नाहीतर तुटलेली वायर ‘डीओ शून्य’ वाचली जाते आणि ब्लोअर रात्रभर ५० वर.

प्रश्न : त्याच क्षमतेच्या आमच्या एसटीपीत जादा गाळ काढायचा पंप टायमरवर लावायचा आहे. वेळ कशी ठरवावी? – ऑपरेटर, ठाणे

उत्तर : गाळाच्या वयावरून, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो त्यावरून. तुमची टाकी ८० घनमीटरची आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातलं गाळाचं प्रमाण) लिटरला ३,५०० मिलिग्रॅम धरला, तर आत २८० किलो गाळ आहे. वय १४ दिवस हवं असेल तर रोज २० किलो बाहेर जायला हवा. लिटरला २० मिलिग्रॅम घन कण बाहेरच्या पाण्यातून जात असतील तर ते झाले ४ किलो, उरले १६. परतीचा गाळ (गाळ बसवण्याच्या टाकीच्या तळातून परत आणलेला) लिटरला ८,००० मिलिग्रॅमचा असेल तर ते २ घनमीटर होतात. ताशी ५ घनमीटरचा पंप म्हणजे २४ मिनिटं. ती एकदम लावू नका. गाळ तळाशी घट्ट असतो, पण पंप सलग चालला की थोड्याच वेळात नुसतं पाणी ओढतो. दर चार तासांनी ४ मिनिटं ठेवा. रोजच्या एमएलएसएसमागे धावू नका, सात दिवसांची सरासरी बघून मिनिटं बदला.

प्रश्न : आम्लधुलाईच्या (लोखंडावरचा गंज आम्लाने काढण्याच्या) सांडपाण्याचा पीएच ३ वरून ७.५ ला आणायचा असतो. डोसिंग पंप ऑटोवर ठेवला की थेट १०–११ वर जातो. – लघुउद्योजक, वाळूज

उत्तर : पीएच ३ चा ४ करायला लिटरला सुमारे ३६ मिलिग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ५ चा ६ करायला फक्त ०.३६. पंप एकच आणि स्ट्रोकही एकच असेल, तर शेवटच्या टप्प्यात तो शंभरपट जड हाताने ओततो. काम दोन टाक्यांत वाटा : पहिलीत ५ पर्यंत, दुसरीत लहान पंपाने ५ टक्क्यांचं द्रावण, दोन सेकंद डोस आणि मिनिटभर थांबा. विरघळलेल्या लोखंडामुळे डोस आणि पीएचचा प्रत्यक्ष वक्र थोडा वेगळा येतो, म्हणून लिटरभर खऱ्या सांडपाण्यात थेंबाथेंबाने कॉस्टिक घालून तो काढून घ्या. चुना वापरत असाल तर तो विरघळायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, तेव्हा थांबायचा वेळही त्याच हिशेबाने वाढवा. आणि प्रोब डोस पडतो तिथे नको, टाकीच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी हवा.