वाचक विचारतात: घरच्या घरी कपॅसिटर मीटर

प्रश्न: आमच्या घरचा पंखा हळू फिरतो, कपॅसिटर गेला असं सगळे म्हणतात, तो तपासायला स्वस्तात मीटर घरी करता येईल का? आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) पडून आहे. – एक वाचक, फोंडा

उत्तर: येईल की, आणि आर्डुइनो असेल तर निम्मं काम झालंच. रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज करायचा आणि व्होल्टेज पुरवठ्याच्या ६३.२ टक्क्यांवर पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं, तो वेळ म्हणजे R (रेझिस्टरचा रोध) गुणिले C (कपॅसिटरची क्षमता). १ मेगाओमचा रेझिस्टर लावलात तर हिशोबच नको, जितके सेकंद तितके मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक)! पंख्याचा २.५ वाला अडीच सेकंद घेणार. आर्डुइनो उनो बोर्डवर अ‍ॅनालॉग रीडिंग ० ते १०२३ येतं, म्हणजे साधारण ६४७ ला थांबायचं. पुढच्या मोजणीआधी दुसऱ्या पिनने २२० ओममधून डिस्चार्ज करा, आणि चार्जिंग चालू असताना तो पिन इनपुट ठेवा, नाहीतर आकडा कधीच नीट येणार नाही. १००० मायक्रोफॅरडसारख्या मोठ्यांना १० किलोओम लावा, १० सेकंदांत होतं. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरची प्लस-मायनस बघा, पंख्याच्याला ती भानगड नाही.

एक मात्र सांगतो, पंख्याचा कपॅसिटर आधी मेन बंद करून, पूर्ण सुटा काढून, रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या काढायची हौस नको. ३.१५ लिहिलेला २ दाखवत असेल तर सरळ बदला. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधल्यांवर मात्र फार विसंबू नका, तिथे आकडा बरोबर येऊनही ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढलेला असू शकतो, तो ह्या मीटरला दिसत नाही.