"मॅडम, आता या वयात दहावी?"

शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं दहावीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात, आणि हे वाक्य मी महिन्यातून दोनतीनदा तरी ऐकते. कधी पस्तिशीतली बाई असते, कधी साठीला टेकलेल्या आजी. शब्द इकडचे तिकडे होतात पण सूर तोच, डोक्यात शिरेल का, पोरं हसतील का, शेजारीपाजारी काय म्हणतील. सुरुवातीच्या काळात मी लगेच माहितीवर यायचे. एनआयओएसला, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येते त्या मुक्त शाळेला, वयाची वरची अट नाही, मराठी माध्यम आहे, असं भराभरा सांगून टाकायचे. समोरचा माणूस मान डोलवायचा, कागदाची घडी करून खिशात टाकायचा आणि परत यायचाच नाही. माहितीत चूक नव्हती हो, पण तो माणूस अजून माहितीपाशी पोचलेलाच नसायचा. हे मला शिकवलं एका गॅरेजवाल्या दादांनी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

वय ४६. आठवीत असताना वडील आजारी पडले, शाळा सुटली, गॅरेजात लागले. आज स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली चार पोरं आहेत, दोन धाकटे भाऊ यांच्या पैशावर इंजिनिअर झालेत. त्यांना घेऊन आल्या त्यांच्या बायको, कारण मुलगी दहावीला गेल्यापासून हे घरात उगाच चिडचिड करत होते. ती पुस्तक घेऊन बसली की टीव्हीचा आवाज मोठा. आणि यांच्याच ड्रॉवरमध्ये दहावीच्या फॉर्मची प्रिंट सापडली होती, चार महिने जुनी.

"मला काय नोकरी करायचीय का मॅडम? गॅरेज आपलंच आहे."

"मग प्रिंट का काढली?"

"काढली अशीच."

'अशीच' म्हटलं की मी थांबते. माणूस जिथे उत्तर द्यायचं टाळतो तिथे खणायचं, ही माझी जुनी सवय. शाळा सुटली ही झाली घटना, पण त्या घटनेबद्दल आपण तीस वर्षं स्वतःला काय सांगत आलोय, दुखणं बहुतेक तिथे असतं असं माझं ठाम मत आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदलावं असं काही घडलेलं नाही.

दोन भेटी इकडच्या तिकडच्या गप्पांत गेल्या. तिसऱ्या वेळी मी फॉर्मच समोर ठेवला. त्यात एक गोष्ट मला फार आवडते. आठवी पासचा दाखला नसेल तर आपणच लिहून द्यायचं, की दहावीचा कोर्स झेपेल इतकं माझं शिक्षण झालेलं आहे. जन्मतारखेचा पुरावा वगैरे लागतोच, पण हे एवढं मात्र स्वतःचं स्वतः.

त्यांनी दोनदा वाचलं. "यावर सही कोणाची?"

"तुमची."

"माझी कशी चालेल? हेडमास्तरांची पाहिजे ना."

"नाही. तुम्हाला येईल की नाही ते तुम्हीच सांगायचंय."

पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता 'मी ढ आहे हो' येणार, माझी तयारी त्याचीच होती. ते म्हणाले, "आणि समजा झालो पास, तर?"

मला आधी कळलंच नाही. पास झालात तर चांगलंच की, असं तोंडावर आलं होतं, बरं झालं गप्प बसले ते.

"सगळे म्हणतात दादाने आमच्यासाठी शाळा सोडली. वर्षभरात वडील बरे झाले होते मॅडम. गुरुजी दोनदा घरी आले होते, रात्रशाळेत घाला म्हणत होते. मीच नाही गेलो. हातात पैसे खुळखुळायला लागले होते. आता गॅरेज सांभाळून पास झालो तर... तेव्हाही जमलं असतं ना?"

आणि मग ते रडले, चांगले हुंदके देऊन. एवढा थोराड माणूस.

तोपर्यंत मी सगळ्यांना नापास व्हायची भीती वाटते असंच धरून चालले होते. यांना भीती पास व्हायची होती. शिकता आलं नाही ही गोष्ट जखमेसारखी असते हे मला माहीत होतं, पण कोणाकोणाच्या छातीवर ती बिल्ल्यासारखी लावलेली असते आणि तो बिल्ला उतरवायला लागेल म्हणून माणूस अभ्यासाच्या वाटेला जात नाही, हे तेव्हा कळलं. मी एवढंच म्हटलं, "चौदा वर्षांच्या पोराला पैसे खुळखुळलेले आवडले, त्यात त्याचं काय चुकलं? आणि भाऊ शिकले ते तर खोटं नाही ना?" ते काही बोलले नाहीत. फॉर्म मात्र घेऊन गेले, आणि या वेळी घडी घातली नाही.

त्यानंतर आता मी आलेल्या प्रत्येकाला आधी विचारते, पास झालात तर काय बदलेल? माझ्या बरोबरीच्या काहीजणी हसतात या प्रश्नाला. हसू देत, मला त्यातून जे सापडतं ते 'भीती कशाची वाटते' विचारून सापडत नाही.

हे निस्तरलं की मग माहितीचा उपयोग होतो, म्हणून आता सांगते. एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. दहावीला किमान वय १४, वरची मर्यादा नाही. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. गणित घेतलंच पाहिजे असं नाही, इंग्रजीही नाही, गृहविज्ञान चालतं, चित्रकला चालते. पण पुढे आयटीआय किंवा कुठला कोर्स करायचा असेल तर तिथे कोणते विषय मागतात ते आधी बघा, नाहीतर सोपे विषय घेऊन पास व्हायचं आणि दारात अडायचं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत ९ संधी, आणि सुटलेला, म्हणजे पास झालेला, विषय सुटलेलाच राहतो, परत द्यावा लागत नाही. म्हणून माझं सांगणं असतं, पहिल्या खेपेला दोनच विषयांना बसा, आणि त्यातला एक तरी आवडीचा हवा. घरच्यांपासून लपवून अभ्यास करू नका, अर्धी ताकद लपवण्यातच जाते.

दादांना मी इंग्रजी घेऊ नका म्हटलं होतं. ऐकलं नाही, मराठीबरोबर तेच घेतलं. गॅरेज बंद झाल्यावर मुलीच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचे म्हणे, टीव्ही बंद. निकालाच्या दिवशी फोन आला.

"मराठी सुटलं मॅडम. इंग्रजीत नापास!" आणि आवाज असा खुशीत की मला आधी वाटलं उलटंच ऐकलं. "पोरगी शिकवते म्हणाली. ऑक्टोबरला परत बसतोय."