स्थळाची चौकशी : यादी नको, कागद मागा

प्रश्न : धाकट्या बहिणीला विक्रोळीचं स्थळ आलंय. मुलगा घटस्फोटित, नोकरी चांगली. त्याची आई ‘पटलं नाही’ एवढंच सांगते. पण त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, पहिलीला मारायचा. अमेरिकेत म्हणे बायकोला मारणाऱ्यांची नावं सरकार जाहीर करतं. आपल्याकडे अशी यादी कुठे बघायला मिळेल?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : कुठेच नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते. तुम्ही ऐकलंत ते टेनेसी राज्याचं असावं. तिथे २०२६ पासून घरगुती हिंसाचारात पुन्हा पुन्हा दोषी ठरणाऱ्यांची यादी लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडमध्ये २०१४ पासून जोडीदाराच्या पूर्वेतिहासाबद्दल पोलिसांना विचारता येतं. मला तेच जास्त पटतं.

पण उद्या आपल्याकडे यादी आली, तरी या मुलाचं नाव तिच्यात बहुधा नसेल. यादीत येतो तो शिक्षा झालेला. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकिली करताना माझी २२ वर्षं गेली. मारहाणीच्या कितीतरी तक्रारी पोलीस ठाण्यात एनसीवरच, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशा अदखलपात्र नोंदीवरच, थांबल्या. पुढे गेलेल्यांत मुलगी तारखांना दमते. मग स्त्रीधन परत, पोटगी एकरकमी, घटस्फोट संमतीने आणि ४९८-अची, म्हणजे सासरच्या छळाची, केस हायकोर्टातून रद्द. (२०२४ पासून ते कलम नव्या भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च चालतं.) नवरा कागदोपत्री स्वच्छ.

म्हणून घटस्फोटाचा हुकूमनामा मागा, आणि सोबतच्या कन्सेंट टर्म्सची, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींची, पूर्ण प्रतही. ‘पत्नी फौजदारी तक्रार मागे घेईल’ अशा अर्थाचं वाक्य त्यात सापडलं, की ‘पटलं नाही’ म्हणजे काय, हे विचारायला तुम्हाला आधार मिळतो. तक्रार झाली म्हणजे मारलंच असं नाही, हेही लक्षात असू द्या. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर त्याच्या नावाने केस शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. पहिल्या बायकोच्या माहेरचा जिल्हाही तपासा, कारण तक्रार तिथूनही करता येते.

घरचे म्हणतील, अशाने स्थळ हातचं जाईल. जाऊ दे.

आणि कागद बहिणीलाच मागू द्या. त्यावर तो काय बोलतो, कुठल्या आवाजात बोलतो, हे तिच्या कानांनी ऐकायला हवं.