क्लायंटने पाठवलेली सर्किट बोर्डाच्या डिझाइनची बीआरडी फाइल ईगल या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. फाइल खराब आहे का? काय करावं?

खराब नसावी. ती ईगलची नाही, एवढंच असेल.

फाइलच्या नावाशेवटचं बीआरडी (.brd) हे आडनाव तीन सॉफ्टवेअर-घराण्यांत चालतं: ईगल, केडन्सचं अलेग्रो आणि जुनं कीकॅड. आडनावावरून कूळ काढायला गेलात की फसलात. डीएसएनचंही तेच. ती ऑरकॅडची स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) असू शकते, जुन्या प्रोटियसची असू शकते, नाहीतर ऑटोराउटरला (बोर्डावरचे ट्रॅक आपोआप आखणाऱ्या प्रोग्रामला) द्यायची स्पेक्ट्राची फाइल.

म्हणून मी आधी फाइलची कॉपी करतो आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडतो. सुरुवातीलाच एक्सएमएल आणि 'ईगल' हा शब्द दिसला, तर ती ईगल ६ किंवा त्यापुढची. २०१२ च्या सुमारास आलेल्या त्या व्हर्जनपासून ईगलच्या फाइली वाचता येण्यासारख्या झाल्या. तुमचं ईगल ५ असेल तर ते अशी फाइल घेणारच नाही. पहिल्या ओळीत 'पीसीबीन्यू-बोर्ड' असेल तर जुनं कीकॅड. आजच्या कीकॅडमध्ये सरळ उघडा. आणि नुसता चौकोन-प्रश्नचिन्हांचा कचरा दिसला तर? जुन्या ईगलचीही बायनरीच असायची, पण ती नव्या ईगलने उघडली असती. तेव्हा संशय अलेग्रोवर. केडन्सचा फुकट व्ह्यूअर मिळतो. त्यात लेयर बघता येतात, मापं घेता येतात, बदल मात्र करता येत नाहीत.

एवढं करूनही क्लायंटला फोन कराच: कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन? हे विचारायला लोक उगीच लाजतात. आणि तुम्हाला नेमकं काय करायचंय ते आधी ठरवा. नुसता बोर्ड बनवून घ्यायचा असेल तर गर्बर (बोर्डाच्या एकेका थराचं चित्र) आणि ड्रिल (भोकांच्या जागा) या फाइली मागा, मूळ फाइल लागतच नाही. डब्यात बसतो का एवढंच बघायचं असेल तर स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल पुरे. बोर्डात बदल करायचे असतील तरच इम्पोर्टच्या (ती फाइल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याच्या) भानगडीत पडा, आणि तेव्हाही मूळ सॉफ्टवेअरमधून काढलेले गर्बर सोबत घ्या. इम्पोर्ट केलेल्या बोर्डाचे गर्बर काढून ते मूळ गर्बरवर ठेवून बघायचे. कॉपर पोअर (तांब्याने भरलेला भाग), थर्मल रिलीफ (पॅडला त्या तांब्याशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) आणि सोल्डर मास्कची (वरच्या संरक्षक थराची) मापं, घोळ बहुतेक वेळा इथेच निघतो. डिझाइन रूल्स (ट्रॅकची किमान रुंदी, अंतर वगैरे) तर नव्याने तपासावेतच.

गर्बर आले म्हणजे सुटलो असंही नाही. भोसरीतल्या एका कारखान्याने जुन्या मशीनच्या कंट्रोल कार्डची सीडी दिली होती. गर्बर उघडले, तर सगळे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) केसासारखे बारीक आणि पॅडच्या (पार्ट सोल्डर करायच्या तांब्याच्या तुकड्याच्या) जागी नुसते ठिपके. ते आरएस-२७४-डी या जुन्या गर्बर प्रकारातले होते. त्यात 'डी१० घे, इथून तिथे जा' एवढंच लिहिलेलं असतं. डी१० म्हणजे गोल की चौकोनी, किती मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ते वेगळ्या फाइलमध्ये. नंतरच्या २७४-एक्समध्ये ही मापं गर्बरमध्येच आली. सीडीवर ती वेगळी फाइल नव्हतीच. शेवटी सीडीच्या पाकिटात घडी घातलेला डॉट मॅट्रिक्सचा एक कागद सापडला, त्यावर अख्खा तक्ता! बसून एकेक माप हाताने भरलं. एका ओळीत ६० मिल की ८० मिल ते कळेना, शाई उडालेली. मग जुनं कार्ड मागवून त्यावरचा पॅड व्हर्निअरने मोजला.

अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर मात्र फाइल चढवू नका. डिझाइन क्लायंटचं आहे, आणि एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही तुमची असते.

नोटपॅडमध्ये काय दिसतंय? नुसती पहिली ओळ इथे टाका, फाइल नको. पुढचं त्यावरून सांगतो.